मीटर आणि माप



गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक मावशी कार्यालयात आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत लाईट बिल आणि एक जुनी वही. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारले, "फादर, मी चोर आहे का?"

मावशींच्या परवानगीने हे लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांचे पती वारले त्याला बरीच वर्षे झाली. घरामागे, जिथे पूर्वी केळी होती, तिथे पतीने चार खोल्या बांधल्या होत्या. त्या खोल्यांच्या भाड्यावर मावशींचे घर चालते. चारही खोल्यांत भाडोत्री आहेत. वीज घरच्या मीटरवरून जाते आणि प्रत्येक खोलीला एक सबमीटर आहे. महिन्याच्या शेवटी मावशी आकडे वहीत उतरवतात आणि युनिटला पंधरा रुपये घेतात. हा दर कोणी ठरवला, ते त्यांनाही आठवत नव्हते. "सगळीकडे असाच घेतात," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी एका खोलीतला तरुण भाडोत्री त्यांना म्हणाला होता, "आंटी, एक बार बिल दिखा दो." तो आवाज चढवून बोलला नव्हता, पण मावशींना ते फार लागले. आजवर त्यांच्याकडे कोणी हिशेब मागितला नव्हता.

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर आमच्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्ही न्याय या विषयावर पानेच्या पाने लिहिली, परीक्षा दिल्या. पण लाईट बिलातला न्याय आम्हाला कोणी विचारला नव्हता. आम्ही एवढेच म्हटले, "मावशी, उद्या त्या मुलाला घेऊन या. तिघे मिळून हिशेब करू."

तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो, कारण आपल्या धर्मग्रामात ही गोष्ट एका घराची नाही. वाड्यांच्या जागी खोल्या आल्या, खोल्यांत भाडोत्री आले, आणि आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे, ध्यानीमनी नसताना, माप हातात धरणारी झाली.

घरगुती विजेचा दर आपल्या राज्यात टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटला सर्वांत कमी, शंभर ते तीनशेला त्याहून जास्त, तीनशे ते पाचशेला आणखी जास्त, आणि पाचशेच्या वर सर्वांत जास्त. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. म्हणून सोयीसाठी गोल आकडे धरू: पाच, दहा, चौदा आणि सोळा रुपये. स्थिर आकार आणि इतर आकार बाजूला ठेवू. ते धरले तरी चित्र फारसे पालटत नाही.

समजा, प्रत्येक खोलीत महिन्याला ९० युनिट जळतात. चार खोल्यांचे झाले ३६०. मावशींचे घर आणि पाण्याचा पंप मिळून २४०. मुख्य मीटरवर एकूण ६००. बिल असे होते: पहिल्या १०० चे ५००, पुढच्या २०० चे २,०००, त्यापुढच्या २०० चे २,८०० आणि शेवटच्या १०० चे १,६००. एकूण ६,९०० रुपये. सरासरी काढली तर युनिटला साडेअकरा रुपये पडतात.

मावशी पंधराने घेत होत्या. ३६० युनिटचे ५,४०० रुपये त्यांच्या हातात येत. उरलेले १,५०० त्या स्वतः भरत. पण खोल्या नसत्या आणि घर व पंप एवढेच मीटरवर असते, तर त्यांना १,९०० भरावे लागले असते. म्हणजे दरमहा ४०० रुपये त्यांच्याच घरच्या फ्रिज-पंख्यासाठी भाडोत्री भरत होते. मावशी वहीकडे बघत राहिल्या. त्यांनी हे कधी मांडूनच पाहिले नव्हते.

मग त्यांनी एक मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नव्हता. "फादर, हे लोक यायच्या आधी माझं बिल एकोणीसशेच होतं. वरचे पाच हजार यांच्यामुळेच आले ना? मग ते यांनीच भरायला हवेत." पाच हजारांना ३६० ने भागले तर युनिटला जवळजवळ चौदा रुपये होतात. पंधरा नव्हेत, पण साडेअकराही नव्हेत.

त्या मुलाने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "मी तर नव्वदच युनिट जाळतो. माझा वेगळा मीटर असता तर मला साडेचारशे आले असते. मोठा दर माझा कसा?" त्याचेही चुकीचे नव्हते. पण चारही खोल्यांनी साडेचारशेच भरले, तर मावशींच्या डोक्यावर ५,१०० रुपये पडतात, तेही २४० युनिटसाठी. हाही न्याय नव्हे.

इथे आम्ही थांबलो. दोघांचे गणित बरोबर, दोघे प्रामाणिक, तरी उत्तर दोन. असे का व्हावे?

पाचही घरांना पाच मीटर असते तर सगळ्यांचे मिळून बिल किती झाले असते? खोल्यांचे १,८०० आणि मावशींचे १,९००. एकूण ३,७००. आणि प्रत्यक्षात बिल ६,९०० चे. मधले ३,२०० रुपये कोणी जाळलेल्या विजेचे नाहीत. तेवढाच प्रकाश पडला, तेवढेच पंखे फिरले. ते ३,२०० केवळ पाच चुली एका मीटरवर बांधल्यामुळे जन्माला आले. मावशी म्हणतात, ते यांचे. भाडोत्री म्हणतो, ते माझे नाहीत. वीज काही विचारत नाही की आधी कोण आले आणि मागून कोण आले. या ३,२०० ना आईबाप नाही. ते कोणी सांभाळायचे, हाच खरा प्रश्न आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल याने न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले. एक देवाणघेवाणीचा: जेवढे घेतले तेवढे दिले पाहिजे. दुसरा वाटपाचा: सर्वांमध्ये काही वाटायचे असेल तर योग्य प्रमाणात वाटले पाहिजे. युनिटचा हिशेब पहिल्या प्रकारात येतो. तो सबमीटर सांगतो. पण हे ३,२०० देवाणघेवाणीतले नाहीत, ते वाटपाचे ओझे आहे. आणि ओझे कसे वाटावे हे कोणताही मीटर सांगत नाही. ते माणसाने सांगायचे असते.

आम्हाला वाटते, अशा वेळी विचारावे: ही व्यवस्था कोणी निवडली? ती बदलण्याची ताकद कोणाकडे आहे? आणि तिचा लाभ कोणाला होतो? एका मीटरवर खोल्या काढल्या त्या मालकाने. वेगळा मीटर घ्यायचा तर कागदपत्रे आणि संमती त्याच्याच हाती. भाडेही त्यालाच मिळते. भाडोत्री जेव्हा येतो तेव्हा तार आधीच ओढलेली असते. ज्याला निवड नव्हती त्याच्यावर निवडीचे सगळे ओझे टाकणे बरे नव्हे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: "त्याला आधीच सांगितलं होतं. कबूल होता म्हणूनच खोली घेतली." संमती ही मोठी गोष्ट आहे, पण तेवढीच पुरत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रात मजुरीच्या बाबतीत हेच सांगितले. गरजेपोटी माणसाने कमी मजुरी कबूल केली, तरी त्या कराराच्या खाली निसर्गाचा न्याय असतो आणि तो करारापेक्षा जुना असतो. संत थॉमस अक्वायनस तर आणखी नेमके बोलतात. विकत घेणाऱ्याला एखाद्या वस्तूची फार गरज आहे, एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने भाव वाढवू नये, असे ते म्हणतात. का? कारण ती गरज विकणाऱ्याची नाही. जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही.

हे वाक्य सेमिनरीत वाचले तेव्हा आम्हाला ते शब्दांचा खेळ वाटले होते. मावशींच्या वहीसमोर बसल्यावर ते कळले. भाजी महाग वाटली तर माणूस पुढच्या टोपलीकडे जातो. पण खोलीत राहणाऱ्याला विजेचे दुसरे दुकान नसते. दिवा लावायचा तर मालकाच्याच तारेवर. ही त्याची अडचण आहे, आपला माल नव्हे. कायदाही मालकाला विजेचा व्यापारी मानत नाही; वीज कायदा २००३ प्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही विजेचा व्यापार करता येत नाही. आपण बिल पुढे पोहोचवणारे आहोत, एवढेच.

मग मालकाने मिळवायचेच नाही का? अवश्य मिळवावे. मावशींनी खोल्यांत पैसे घातले आहेत, कौले शाकारायची असतात, घरपट्टी भरायची असते. पण तो लाभ भाड्यात मागावा, मीटरमध्ये नव्हे. भाडे उघडपणे सांगितले जाते. समोरचा घासाघीस करतो, परवडत नसेल तर दुसरीकडे जातो. मीटरमधली कमाई मात्र लपलेली असते. ती बिल दाखवण्याची वेळ आली की अंगावर येते. ज्या कमाईसाठी कागद झाकून ठेवावा लागतो ती कमाई तपासून पाहावी.

मापाच्या बाबतीत पवित्र शास्त्र फार कडक आहे. लेवीयच्या पुस्तकात आणि अनुवादाच्या पुस्तकात खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे. एकाच पिशवीत दोन वजने, एक मोठे आणि एक लहान, बाळगू नका, असे तिथे बजावले आहे. आपण बिल एका दराने भरतो आणि दुसऱ्या दराने वसूल करतो, तेव्हा आपल्या पिशवीतही दोन वजने असतात. आमोस संदेष्ट्याचे बोल तर आपल्यासारख्या उपासनेला येणाऱ्यांनाच उद्देशून आहेत. शब्बाथ कधी संपतो आणि लहान मापाने धान्य कधी विकतो, अशी घाई झालेल्या लोकांना त्याने सुनावले. ते लोक शब्बाथ मोडत नव्हते. ते तो पाळत होते आणि घड्याळाकडे बघत होते.

इथे आम्हाला आमचीही कबुली दिली पाहिजे. मावशी गेल्यावर आम्ही चर्चच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. सभागृहामागच्या दोन खोल्या आपण भाड्याने देतो. त्यांच्याकडून विजेचा जो दर घेतला जात होता तो बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका बैठकीत ठरला होता. ठरवताना त्यात "थोडे वर" धरले होते आणि नंतर कोणी पाहिलेच नव्हते. तिथे राहणाऱ्यांना एकदाही बिल दाखवलेले नव्हते. आम्ही या धर्मग्रामात आलो त्यालाही आता काही वर्षे झाली. प्रत्येक वर्षी त्या हिशेबावर आमची सही आहे. त्यात कोणी पैसे खाल्ले नाहीत. सगळे चर्चच्या खात्यातच गेले. पण घेतलेले ते घेतलेलेच. अर्थसमितीने दर दुरुस्त केला आहे आणि जास्त घेतलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती करण्याचे ठरले आहे. धर्मगुरूने आधी आपल्या दाराशी झाडावे, मग प्रवचन करावे.

भाडोत्र्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. आपल्या धर्मग्रामात भाड्याने राहणारीही बरीच कुटुंबे आहेत. सबमीटरच्या आधी तार जोडणे, मीटरशी खेळ करणे, वीज भाड्यातच धरली आहे म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवणे, शेवटच्या महिन्याचे बिल न भरता रातोरात खोली सोडणे, हेही खोटे मापच आहे. मालक विधवा असो की श्रीमंत, चोरी ती चोरीच. आणि मालकाकडे हिशेब मागणे हा तुमचा हक्क असला तरी मागण्याची रीत असते. त्या मुलाने नम्रपणे मागितले, म्हणूनच त्या टेबलापाशी बसणे जमले.

एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. भाडे थकले की फ्यूज काढून घेण्याची रीत काही ठिकाणी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय मालकाला भाडेकरूची वीज किंवा पाणी तोडता येत नाही. पण कायद्याच्या आधीही एक गोष्ट आहे. निर्गमाच्या पुस्तकात सांगितले आहे की गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्याआधी परत दे. तो रात्री काय पांघरून झोपणार? थकलेले येणे मागायला देवाने बंदी केलेली नाही. त्याने एवढेच म्हटले, की ते मागताना माणसाची रात्र हिरावून घेऊ नकोस. आपल्याकडे मे महिन्यात, डासांत, पंख्यावाचून लहान मूल घेऊन बसलेल्या आईची रात्र कशी जाते हे आपल्याला ठाऊक आहे. थकबाकी वसूल करायला दुसरे मार्ग आहेत. अंधार हा मार्ग नव्हे.

आपल्या जुन्या माणसांना हे नवे नाही. एका विहिरीवर दोन-तीन भावांच्या वाड्या भिजत, तेव्हा पाण्याची पाळी ठरलेली असे. भांडणे होत, नाही असे नाही. पण पाळी सगळ्यांच्या देखत चाले. कोणाचे पाणी किती वेळ गेले हे बांधावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसे. माप खरे राहते ते दोघांच्या डोळ्यांपुढे असले की. विहिरीवर जे सहज होते ते मीटरवर मुद्दाम करावे लागते. म्हणून काही साध्या सूचना करतो:

१. खोली देताना आणि सोडताना सबमीटरचा आकडा दोघांनी मिळून पाहावा, लिहावा आणि त्याखाली दोघांची सही असावी.

२. दर महिन्याला मुख्य बिल भाडोत्र्याला दाखवावे. दर ठरीव नको. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, हा त्या महिन्याचा दर. त्याहून एक पैसाही वर घेऊ नये.

३. पाण्याचा पंप आणि जिन्यावरचा दिवा सगळ्यांचा असेल तर त्याचा खर्च सगळ्यांत वाटावा, मालकाचे घर धरून.

४. सबमीटर धावतो असा संशय असेल तर भांडण्याआधी तपासावे. एका युनिटला मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते. ३२०० छापले असेल तर, बाकी सर्व बंद ठेवून, शंभर वॅटचा एकच पिवळा बल्ब सहा मिनिटे लावला की दिवा साधारण ३२ वेळा लुकलुकला पाहिजे. पुष्कळ जास्त वेळा लुकलुकला तर मीटर बदलावा.

५. कागदपत्रे नीट असतील तिथे प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर घ्यावा. वीज कायद्याप्रमाणे मालकच नव्हे, जागेत राहणाराही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. मालकाने संमतीपत्र अडवून धरू नये. जिथे स्वतंत्र मीटर शक्य नाही तिथे सरासरी दर घ्यावा आणि भाडे ठरवताना लक्षात ठेवावे की त्या सरासरीतही आपल्या व्यवस्थेचे ओझे समोरच्यावर आहे.

शेवटची सूचना अवघड आहे. आमच्याच हिशेबात पाहा: सरासरी दराने प्रत्येक खोलीला १,०३५ रुपये येतात, स्वतःचा मीटर असता तर ४५० आले असते. सरासरी दर घेणारा मालक चोर नाही. पण चोर नसणे म्हणजे न्यायी असणे नव्हे. या दोहोंमध्ये बरेच अंतर आहे आणि आपले बहुतेकांचे आयुष्य त्या अंतरात जाते.

आपली मुले आज पुण्यात, बेंगळुरूत, आखातात भाड्याच्या खोल्यांत राहतात. महिन्याच्या शेवटी त्यांच्या हातात कोणीतरी एक आकडा ठेवतो. तो आकडा खरा असावा असे आपल्याला वाटते ना?

मावशींनी त्याच महिन्यापासून सरासरी दर सुरू केला. दोन खोल्यांसाठी स्वतंत्र मीटरचा अर्ज केला आहे. उरलेल्या दोन खोल्यांच्या कागदांचे काम चालू आहे. दिवाळीच्या महिन्याचे लाईट बिल त्यांनी कोणाकडूनही घेतले नाही. "मागच्या सगळ्या वर्षांचं कुठून देऊ, फादर? किती जण येऊन गेले, कुठे गेले, कोणाला माहीत." जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले होते. मावशींचा हिशेब एका महिन्याने पुरा होत नाही, हे त्यांनाही कळते आणि आम्हालाही. जे सापडत नाहीत त्यांच्या नावाने काय करावे, हे आम्ही अजून त्यांच्याशी बोलत आहोत.

पण त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मावशी, तुम्ही चोर नाही. चोर बिलाची पिशवी घेऊन स्वतः आला नसता.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास आम्ही कार्यालयात थांबू. ज्यांना बिल मांडून पाहायचे आहे त्यांनी बिल आणि वही घेऊन यावे. मालकांनी यावे, भाडोत्र्यांनी यावे. जमल्यास दोघांनी मिळून यावे.

प्रभू तुम्हां सर्वांच्या घरांवर आशीर्वाद ठेवो.

तुमचे धर्मगुरू